मिरीकर सरांचं जूनमधलं लेक्चर

ऑगस्टमधल्या एका थंड, लख्ख सकाळी प्रताप मिरीकर सिडनीतल्या केलीव्हिलच्या घरामागे कपडे वाळत घालत होते. मुलाकडे, हृषिकेशकडे, राहायला आल्यापासून हे काम त्यांनी मागून घेतलं होतं. सून मयूरा वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर मीटिंगमध्ये होती. खिडकीतून सहज नजर गेली तेव्हा तिला दिसलं, की बाबा एकच टॉवेल दोरीवर टाकताहेत, तो घसरून गवतावर पडतोय आणि ते वाकून तोच पुन्हा उचलताहेत. उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. ती मीटिंग तशीच सोडून खाली धावली.

"बाबा, काय होतंय?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. बऱ्याच खटपटीनंतर शब्द आला, "तेच."

"तेच म्हणजे?"

"तेच तेच. तेच."

तोंडाची उजवी कड खाली ओघळली होती. मयूराने त्यांना गवतावर बसवलं, पाठीला आपला गुडघा टेकवला आणि ट्रिपल झीरोला फोन लावला. अँब्युलन्स लवकर आली, हॉस्पिटलमध्ये गुठळी वेळेवर विरघळवता आली आणि जीव वाचला. काही आठवड्यांनी सर काठी घेऊन चालायला लागले. उजव्या हाताने कप धरता येत नव्हता, पण डावा तरबेज होत चालला होता. बोलणं मात्र त्या एका शब्दावर अडकून बसलं. चहा हवा का, तेच. दुखतंय का, तेच. हृषिकेशचा फोन आलाय, बोलता का, तेच, आणि मग फोन बाजूला सारून भिंतीकडे तोंड.

ज्याचं आयुष्य बोलण्यात गेलं अशा माणसाच्या बाबतीत हे घडलं होतं. मिरीकर सर कराडच्या कॉलेजात तीसेक वर्षं इंग्रजी शिकवत होते. त्यांचा एक लेखक होता, राणी व्हिक्टोरियाच्या काळातला, साऱ्या जगाला ठाऊक असलेला कादंबरीकार. त्याच्या मोठ्या कादंबऱ्यांवर लिहिणारे पुष्कळ होते, म्हणून सरांनी पीएचडीला त्याची सुरुवातीची वर्षं घेतली. तो कोणीही नव्हता तेव्हाची. पुढे तोच त्यांच्या गप्पांचा विषय होऊन बसला. पत्नी शोभाताई गेल्यावर हृषिकेशने त्यांना सिडनीला आणलं, तेव्हा तो लेखकही सोबत आला. रात्रीच्या जेवणाला वरणभातासोबत त्याची एखादी हकीगत ठरलेली असायची.

मयूरा मुंबईची, इंजिनीअर. गोष्टीबिष्टी वाचायची तिला सवय नव्हती. "हो का बाबा," म्हणत ती डिशवॉशर भरायची. हृषिकेश वेस्टर्न ऑस्ट्रेलियात खाणीवर इंजिनीअर, महिन्यातले बरेच दिवस तिकडेच. त्यामुळे घरात सासरे आणि सून, दोघंच. भांडण कधी नव्हतं. एकमेकांना सांभाळून राहणारी दोन माणसं, इतकंच.

आता मात्र त्या हकीगतींच्या जागी शांतता आली आणि मयूराला ती सोसेना. ती जेवताना टीव्ही लावायला लागली.

रिहॅब सेंटरमधली स्पीच थेरपिस्ट केरी नावाची पन्नाशीची बाई होती. गावाकडे, मेंढ्यांच्या मोठ्या फार्मवर वाढलेली. बोलायची सावकाश. तिने पहिल्याच दिवशी मयूराला समजावलं, "त्यांना सगळं कळतंय. शब्दही आत आहेत. शब्दापासून तोंडापर्यंतचा रस्ता तुटलाय. आपल्याला तो दुरुस्त करायचाय, नाहीतर दुसरा काढायचाय. वेळ लागेल."

केरीला मराठी येत नव्हतं, म्हणून सेशनच्या वेळी टेबलावर फोन ठेवून त्यावर मराठी दुभाषी घेतला जायचा. दर वेळी वेगळा आवाज. नाव सांगत नसत, फक्त नंबर. केरी चित्र दाखवायची, फोनमधून प्रश्न यायचा, "हे काय आहे?" खुर्चीचं चित्र असो की किल्लीचं, उत्तर एकच. एकदा सरांनी कार्डांचा गठ्ठा डाव्या हाताने ढकलून दिला. कार्डं जमिनीवर पसरली. मग स्वतःच ओशाळून वाकायला गेले, तर केरी म्हणाली, "नो वरीज, राहू दे. मीही चिडले असते."

मग ती मयूराकडे वळली. "काही माणसांना पाठ असलेलं बोलता येतं. ते मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतं. गाणं, प्रार्थना, आकडे. त्यांना काय पाठ आहे?"

मयूराने घरी जाऊन रामरक्षा म्हणायला सुरुवात केली. सरांनी तिच्याकडे असं पाहिलं, की आजारी आपण आहोत की ही. देवाधर्माशी त्यांचा कधीच संबंध नव्हता. तिने पाढे म्हणून पाहिले. बे चोक आठपर्यंत सर तिच्याबरोबर आले आणि मग कंटाळून उठले. तरी मयूरा खूश झाली, कारण "आठ" हा शब्द तिने स्पष्ट ऐकला होता.

हृषिकेशला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो बाबांना काय पाठ असेल ते आठवू लागला. मग म्हणाला, "जूनचं लेक्चर."

"कसलं?"

"कॉलेज सुरू झालं की सेकंड इयरला बाबांचं पहिलं लेक्चर तेच असायचं. दर वर्षी, शब्द न शब्द तोच. आदल्या दिवशी घरात फेऱ्या मारत म्हणायचे. आईला पाठ झालं होतं. ती पोळ्या लाटता लाटता पुढचं वाक्य सांगायची आणि बाबा चिडायचे."

"तुला येतं?"

"सुरुवात येते." आणि त्याने वडिलांच्या आवाजात, त्यांच्या खर्जात म्हणून दाखवलं. मयूराने ते ऐकून ऐकून पाठ केलं.

पुढच्या सेशनला फोनवर बाईचा आवाज होता. "नमस्कार, मी मराठी दुभाषी बोलतेय," आणि नंबर. केरीने सरांना तब्येत विचारली, ती मराठीत विचारली गेली, उत्तर आलं, तेच. मग मयूरा म्हणाली, "केरी, मला एक ट्राय करायचंय."

ती सरांच्या समोर बसली. लाज वाटत होती. तिने घसा साफ केला आणि म्हणाली, "लेडीज अँड जंटलमेन, फर्गेट द..."

सरांनी मान वर केली.

"फर्गेट द..." तिने पुन्हा म्हटलं आणि थांबली.

"बिअर्ड," सर म्हणाले.

केरीच्या हातातलं पेन थांबलं. सरांची पाठ खुर्चीवर सरळ झाली. "फर्गेट द बिअर्ड," ते म्हणाले. "टुडे यू शॅल मीट अ बॉय इन अ हरी." आणि त्यानंतर कराडच्या वर्गातलं ते संथ, घोटीव इंग्रजी न अडखळता वाहायला लागलं. पुस्तकातला तो दाढीवाला म्हातारा विसरा. आज एका पोराला भेटा. बारा वर्षांचा, बुटांच्या पॉलिशच्या बाटल्यांना लेबलं चिकटवणारा. मग वकिलाच्या कचेरीतला उमेदवार. मग एका पुस्तकावरून एकट्याने शॉर्टहँड शिकणारा, ते ठिपके आणि रेघा स्वप्नात दिसेपर्यंत. पार्लमेंटच्या गॅलरीत मागच्या रांगेत गुडघ्यावर कागद ठेवून दुसऱ्यांची भाषणं उतरवून घेणारा. विशीतला पोरगा, ज्याच्या हाताइतका वेगवान हात त्या गॅलरीत नव्हता.

सर बोलत होते आणि मयूराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिला कळलं नव्हतं. ज्या हकीगतींना ती "हो का बाबा" म्हणायची, त्यातलं एकेक वाक्य आता तिला मोलाचं वाटत होतं.

परिच्छेद संपला आणि सर थांबले. स्वतःच्याच आवाजाने दचकल्यासारखे इकडेतिकडे पाहू लागले.

केरीने हळूच विचारलं, "आता सांगा, तुमचं नाव काय?"

फोनमधून मराठी प्रश्न यायला हवा होता. आला नाही.

"इंटरप्रिटर, आर यू देअर?"

"हो, आहे," आवाज इंग्रजीत म्हणाला. तो आता नीट लागत नव्हता. "आता मी दुभाषी म्हणून नाही, स्वतःच्या वतीने बोलतेय. मी या गृहस्थांना ओळखते. नियमाप्रमाणे मला हे सांगावं लागतं आणि या कामातून बाजूला व्हावं लागतं. तुम्हाला दुसरा दुभाषी मिळेल. पण जाण्याआधी, तुम्हा सगळ्यांची हरकत नसेल तर मला त्यांच्याशी एकदाच मराठीत बोलायचंय."

केरीने मयूराकडे पाहिलं, मयूराने सरांकडे. सर फोनकडे टक लावून बघत होते. मयूरा म्हणाली, "बोला ना."

"सर, मी नीला. नीला जगदाळे. पाटणकडची. कॉलेजच्या सायकल स्टँडपाशी तुम्ही मला हे सगळं मराठीत सांगितलं होतं."

सरांनी डावा हात उचलला आणि फोनवर ठेवला, एखाद्याच्या डोक्यावर ठेवावा तसा.

"तेच," ते म्हणाले. हा शब्द इतक्या दिवसांत मयूराने शेकडो वेळा ऐकला होता. अर्थासह तो तिने पहिल्यांदाच ऐकला.

मयूराने आपला नंबर दिला होता, त्यावर नीलाने त्या संध्याकाळी स्वतःच्या फोनवरून फोन केला. ती मेलबर्नला वेरिबीत राहत होती. नवऱ्याच्या नोकरीमुळे आली, मुलं मोठी झाल्यावर दुभाषाची परीक्षा दिली. मराठीचे दुभाषी देशात मोजकेच, त्यामुळे कधीतरी ओळखीचं कोणी लागणार हे माहीत होतं. "पण सर लागतील असं नव्हतं वाटलं," ती म्हणाली. "त्यांचा आवाज तर नव्हताच ओळखीचा. 'तेच' म्हणणारे पेशंट मी बरेच ऐकलेत. पण 'फर्गेट द बिअर्ड' जगात एकच माणूस म्हणतो."

मग तिने सांगितलं. पाटणच्या पलीकडच्या गावातून ती कराडला आली होती. शाळा सगळी मराठीतली. जूनच्या त्या पहिल्या लेक्चरला तिला एक अक्षर कळलं नव्हतं. कॉलेज सोडून घरी जायचं तिने मनाशी ठरवलं. तास संपल्यावर सायकल स्टँडपाशी सरांनी तिला थांबवलं. वहीत काही लिहिलं नाहीस, ते म्हणाले, बरं नाही का? तिने खरं सांगितलं. तेव्हा सरांनी सायकल स्टँडला लावली आणि तिथेच उभं राहून अख्खं लेक्चर मराठीत सांगितलं, हातवारे करून, गोष्टीतले घोडे पळवून. "मंडळी, म्हणून सुरुवात केली. मी एकटी होते, तरी मंडळी." पुढे दर गुरुवारी तिथे पाच-सहा जण जमायला लागले.

"माझं आयुष्य तिथून सुरू झालं वगैरे म्हटलं तर फार मोठं वाटेल," नीला म्हणाली. "पण मी घरी परत गेले नाही, एवढं खरं. एका भाषेतलं दुसरीत नेता येतं आणि त्यात काही सांडत नाही, हे मी तिथं पाहिलं. आता तेच काम करते. मयूरा, मी तुमच्या काही उपयोगी पडेन का? दुभाषी म्हणून नाही चालणार. पण विद्यार्थिनी म्हणून चालत असेल."

मयूराने केरीला विचारलं. केरीने फार आशा लावली नाही. "ते लेक्चर म्हणजे अजून बोलणं नाही," ती म्हणाली. "ती रेल्वे आहे. रुळावरून सरळ जाते, मध्ये कुठे उतरता येत नाही. आपल्याला मध्ये स्टेशनं बांधायचीत. पण घरी मराठी बोलता ना तुम्ही? मग मराठीतही रूळ मिळाले तर माझ्यासाठी लॉटरीच आहे."

त्यानंतर दर शनिवारी दुपारी, जेवणं आटोपली की, मयूरा टॅब्लेट स्वयंपाकघरातल्या टेबलावर उभा करायची. वेरिबीहून नीला दिसायची, पन्नाशीकडे झुकलेली, केस बारीक कापलेले.

"मंडळी," ती सुरू करायची, "दाढी विसरा. आज एक पोरगा भेटणार आहे, तो आहे..."

"घाईत," सर म्हणायचे.

"त्याला शिकायचंय..."

"शॉर्टहँड."

"हातात काय आहे त्याच्या?"

इथे सर अडकायचे. हा प्रश्न लेक्चरमध्ये नव्हता. केरीने सांगितलं होतं, की थांबा, शब्द पुरवू नका, पुरवलात तर तुमचा शब्द होईल, त्यांचा नाही. मयूराला ते थांबणं सर्वांत जड गेलं. ओठ चावत ती बसायची. नीला स्क्रीनवर शांत. फ्रिजची घरघर ऐकू यायची. आणि मग, कधी कधी, "पेन्सिल."

मयूरा टेबलावर खरी पेन्सिल ठेवायची. सर ती उचलून पुन्हा म्हणायचे, "पेन्सिल." मग कागद. मग पाऊस, घोडे, चाक, दिवा. शब्द एकेक करून त्या पोराच्या हकीगतीतून निघून केलीव्हिलच्या घरात यायला लागले. कधी भलत्याच जागी जाऊन बसायचे. कितीतरी दिवस डिशवॉशरला ते पार्लमेंट म्हणत होते. "पार्लमेंट... भर," असं पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मयूरा हसत सुटली, आणि तिच्याकडे बघून सरही हसले. स्ट्रोकनंतर ते हसलेले तिने तेव्हाच पाहिले.

सर्वांत अवघड नावं. केरी म्हणाली, विशेषनामं शेवटी येतात, काहींची येतच नाहीत. ज्या माणसावर सरांनी आयुष्य घालवलं, त्याचं नाव त्यांच्या जिभेवर येईना. इंग्रजीतल्या पाठ लेक्चरमध्येसुद्धा ती जागा आली की ते गडबडून पुढे जायचे. म्हणून घरात सगळेच त्याला "पोरगा" म्हणायला लागले. हृषिकेश खाणीवरून फोन करून विचारायचा, "आज पोरगा कुठपर्यंत आला?"

नोव्हेंबरात एकदा मयूरा त्यांना रिहॅबला घेऊन निघाली होती. उशीर झाला होता. जकारंडाची जांभळी फुलं रस्त्याकडेला सडा पडल्यासारखी. राउंडअबाउटला तिने गाडी जोरात वळवली. शेजारून आवाज आला, "जरा हळू."

तिने ब्रेक दाबला. मागच्याने हॉर्न वाजवला. "काय म्हणालात बाबा?"

"जरा हळू... चालव."

ती गाडी कडेला घेऊन थांबली. ते वाक्य कुठून आलं हे तिला ओळखता आलं. मराठी लेक्चरमध्ये तो पोरगा निवडणुकीच्या सभेची बातमी घेऊन चार घोड्यांच्या गाडीतून लंडनकडे निघतो, चिखलाचा रस्ता, कंदिलाच्या उजेडात तळहातावर कागद ठेवून लिहितो, आणि गाडीवाल्याला तो कधीही "जरा हळू" म्हणत नाही. सरांनी त्यातले दोन शब्द उचलले होते आणि तिसरा स्वतःचा लावला होता. मयूराने हृषिकेशला फोन लावला आणि बोलताच येईना. शेवटी सरांनी डावा हात पुढे करून फोन घेतला. "ठीक," ते मुलाला म्हणाले. "ठीक... आहे."

मार्चमध्ये केरीने तिच्या पेशंटांचा मॉर्निंग टी ठेवला, कॅसल हिलमध्ये एका लायब्ररीच्या हॉलमध्ये. दर वर्षी ठेवायची. ज्याला जमेल त्याने पाच मिनिटं बोलायचं, ज्याला नाही त्याने केक खायचा. सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पोरगा." मग जरा थांबून, "मराठी."

"इंग्रजीत नको का?" मयूराने विचारलं. "इंग्रजीतलं तर पूर्ण येतं तुम्हाला."

सरांनी मान हलवली. "ते... पाठ."

मयूराने नीलाला कळवलं. नीला कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, विमानाने आली. दारात सरांना पाहून वाकली आणि पायांना हात लावला. "सर, तुम्ही किती बारीक झालात." सरांनी तिला उठवलं आणि इतके शनिवार विचारायचं राहिलेलं आता केसांकडे बोट दाखवून विचारलं. "वेणी?"

"कापली. कधीच कापली," नीला रडता रडता हसून म्हणाली.

हॉलमध्ये तीसेक माणसं असतील. बहुतेक वयस्कर, काठ्या, व्हीलचेअर, नवरे-बायका. पहिल्या रांगेत हृषिकेश, खास रजा घेऊन आलेला. सर पुढे जाऊन उभे राहिले. शेजारी नीला. सर मराठीत बोलणार आणि ती इंग्रजीत सांगणार, असं ठरलं होतं.

"मंडळी," सर म्हणाले.

"फ्रेंड्स," नीला म्हणाली.

सरांचं बोलणं तुटक होतं. एक शब्द, मग मोठा खंड, मग दोन शब्द. त्या खंडात कोणीही खोकलं नाही, कोणी घड्याळ पाहिलं नाही. या खोलीतल्या प्रत्येकाला तो खंड आतून माहीत होता. सरांनी बाटल्या सांगितल्या, लेबलं सांगितली, पेन्सिल सांगितली. तो पोरगा एक गोष्ट लिहितो आणि अंधाऱ्या बोळातल्या एका मासिकाच्या पत्रपेटीत घाबरत टाकतो, ते सांगितलं. गोष्ट छापून येते, तिच्यावर नावसुद्धा नाही, आणि तरी त्याचे डोळे इतके भरून येतात की रस्त्यावर चालवेना, म्हणून तो एका मोठ्या दालनात शिरून अर्धा तास उभा राहतो, तेही सांगितलं. मयूरा ओठांनी त्यांच्याबरोबर बोलत होती. हे सगळं तिला आता पाठ होतं.

मग सर म्हणाले, "पाऊस."

मयूरा गोंधळली. लेक्चर इथे संपत होतं.

"सभा... मैदान. पाऊस. तो... लिहितो. कागद... भिजतो." सर थांबले. बराच वेळ थांबले. नीलाही थांबली, तिने अंदाज केला नाही. "दोन... दोस्त. रुमाल. असा... धरला." त्यांनी डावा हात वर करून हवेत पसरला. "लिही म्हणाले. तू... लिही."

नीलाने ते इंग्रजीत सांगितलं. दोन सहकाऱ्यांनी पावसात त्याच्या वहीवर रुमाल ताणून धरला, तो लिहीत राहावा म्हणून.

सर पहिल्या रांगेकडे वळले. "माझ्या... सुनेनं. मुलानं." त्यांनी केरीकडे बोट केलं. "बाईंनी." मग शेजारी पाहिलं. "हिनं. धरला." पुढचा शब्द शोधत ते पुन्हा उभे राहिले, आणि सगळा हॉल त्यांच्याबरोबर थांबला. शेवटी त्यांनी शोधणं सोडून दिलं आणि मान लववली.

आपल्याबद्दलच्या वाक्याचं भाषांतर करणं नीलाच्या वाट्याला आलं होतं. तिने ते केलं, प्रथमपुरुषी, जसं दुभाषाने करायचं असतं तसं. "माय डॉटर-इन-लॉ, माय सन, माय टीचर अँड धिस वुमन हेल्ड इट ओव्हर मी." आवाज मध्येच एकदा गेला, पण वाक्य पुरं केलं.

टाळ्या मंद होत्या, कारण पुष्कळांना एकाच हाताने मांडीवर वाजवाव्या लागत होत्या. पण त्या बराच वेळ चालल्या.

चहाच्या वेळी ग्रॅहम नावाचा उंच म्हातारा सरांपाशी आला. त्याच्याकडे एकच शब्द शिल्लक होता, "ब्यूटी." तो म्हणाला, "ब्यूटी." सर म्हणाले, "थँक यू." दोघं खिडकीपाशी उभं राहून लॅमिंग्टन केक खात राहिले.

मयूरा नीलाला बाजूला घेऊन म्हणाली, "ते रुमालाचं मला माहीतच नव्हतं. इंग्रजी लेक्चरमध्ये नाहीये."

"मराठीतही नव्हतं," नीला म्हणाली. "सायकल स्टँडलाही नाही सांगितलं कधी. खरी हकीगत आहे, मी नंतर वाचली होती. सरांनी आज स्वतः निवडली." केरीला त्यांनी हे सांगितलं तेव्हा तिने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "मग आज ते रुळावरून उतरले."

मयूरा तिला काहीतरी म्हणणार होती, इतक्या महिन्यांचं. केरीने तिच्या दंडाला हात लावला आणि कपबशा गोळा करायला निघून गेली.

सरांचं बोलणं पूर्वीसारखं झालं नाही. होणारही नाही, असं केरीने सांगितलंय. नावं अजून क्वचितच येतात, त्या पोराचं तर नाहीच, आणि सरांना त्याचं फारसं वाटेनासं झालंय. पण घरात काय हवं नको ते सांगतात, मुलाशी फोनवर पाच-सात मिनिटं बोलतात, भाजीत मीठ कमी असेल तर स्पष्ट म्हणतात. मयूराने त्या लेखकाचं पहिलं पुस्तक लायब्ररीतून आणलं. रविवारी दुपारी ती मोठ्याने वाचते, चुकीच्या उच्चारांना सर बोट वर करतात, ती पुन्हा वाचते. मध्येच तिला हसू आलं तर सर पुस्तक बंद करायला लावतात आणि कशाला हसलीस ते सांग म्हणतात. ती सांगते. आवडीने सांगते.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, नीला परत निघाली होती. टॅक्सी दारात उभी होती. हृषिकेशने बॅग ठेवली. नीला सरांसमोर उभी राहिली.

"सर, येते."

"ये," सर म्हणाले. मग त्यांनी डावा हात वर करून तिला थांबवलं. तिने टॅक्सीवाल्याला खूण केली आणि ती थांबली. मयूराही पायरीवर थांबली. रस्त्यावरून कोणीतरी कुत्रा घेऊन गेलं.

"वेरिबी," सर म्हणाले. स्वतःच्या तोंडून नाव निघालेलं ऐकून ते नवलाने मयूराकडे पाहायला लागले. "वेरिबीला... आम्ही येतो."

"कधी येताय?" नीलाने विचारलं.

सरांनी सुनेकडे पाहिलं. मयूरा म्हणाली, "ईस्टरच्या सुट्टीत येऊ, गाडीनेच. बाबा म्हणतील तिथे हळू चालवेन."